टाका मशीनचा, चाल तुझी

अगं, तू विचारलंस त्याचं उत्तर दोन ओळींत देता आलं असतं. पण त्यानं तुझं मन निवणार नाही, म्हणून सविस्तर सांगते. गोधडी शिवायच्या लाँगआर्म मशीनला स्टिच रेग्युलेटर असला की टाके आपोआप सारखे पडतात, मग त्यात शिवणाऱ्या बाईचं काय राहिलं, हे तुला खातंय. रावेरसारख्या गावात हा प्रश्न जास्तच बोचतो. इथं अजूनही उन्हाळ्यात शेतातलं काम ओसरलं की आयाबाया जुनी लुगडी धुऊन अंथरतात, चारी कडांनी धावदोरा धरतात आणि आत आत जातात. कुणाचा टाका बारीक, कुणाचा दोरा सरळ, यावरून बाईचा हात ओळखला जातो. अशा गावात तू म्हणणार की माझे टाके मशीन मोजतं, तर जीभ अडखळणारच.

माझं मत आधीच सांगते, मग कारणं सांगते. रेग्युलेटर निःशंकपणे वापर. टाक्याची लांबी त्याच्यावर सोड. पण हाताची चाल कधीही त्याच्यावर सोडू नकोस. एवढं सांभाळलंस तर गोधडी तुझीच राहील आणि चांगली होईल.

हे यंत्र नेमकं काय करतं ते नीट समजून घे, कारण निम्मी भीती न कळण्यातून येते. घरातल्या शिलाई मशीनमध्ये कापडाखाली दाते असतात. ते प्रत्येक टाक्याला कापड ठरावीक अंतर पुढे ढकलतात, म्हणून तिथं टाका सारखा येतो. तू पायानं जोरात मार की हळू मार, लांबी बदलत नाही. लाँगआर्ममध्ये दाते नसतात. कापड फ्रेमवर रोलरांना ताणून स्थिर असतं आणि मशीनच रुळांवरून पुढे-मागे, डावी-उजवीकडे फिरतं. तुझा हात नेईल तिकडे सुई जाते. म्हणजे टाक्याची लांबी दोन गोष्टींवर ठरते: सुई किती वेगानं वरखाली होते आणि हात किती वेगानं सरकतो. सुईचा वेग एकच ठेवून हात जोरात नेलास तर टाके लांबणार, वळणावर थबकलीस तर एकावर एक चढणार.

रेग्युलेटर इथं कामाला येतो. मशीनच्या गाडीला छोटी चाकं लावलेली असतात, त्यांना एन्कोडर म्हणतात. एक चाक आडवी हालचाल मोजतं, दुसरं उभी. दोन्हींचा मेळ घालून मशीनला कळतं की तू तिरपी, गोल, कशीही किती अंतर गेलीस, आणि त्याप्रमाणे मोटरचा वेग कमीजास्त होतो. इंचाला १० टाके ठरवलेस तर हळू जा की लगबगीनं जा, इंचाला १० पडतात. थांबलीस की सुई थांबते (न थांबणारी एक चालही असते, ती पुढे सांगते). घरगुती मशीनसाठीही असं साधन निघालंय. बर्निना कंपनीच्या बीएसआर या रेग्युलेटरमध्ये फुटालाच एक भिंग असतं, ते खालच्या कापडाची हालचाल वाचतं. भिंगावर धूळ बसली की वाचन चुकतं, तेव्हा तिथंही काळजी आलीच.

आता बघ, यानं तुझं कोणतं काम कमी केलं? फक्त मोजणी. नक्षी कुठून कुठे न्यायची, वेल किती दाट भरायची, कोपरा कसा वळायचा, कापडाला किती टाके सोसतील, हे सगळं तुझ्याकडेच राहिलं. उलट मोजणीचं ओझं उतरल्यामुळे नजर नक्षीवर ठेवायला मोकळी झाली. यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

पण या मोजणीला एक हद्द आहे, ती पाठ कर. समजा, तुझं मशीन मिनिटाला जास्तीत जास्त १८०० टाके मारतं. इंचाला १० टाके हवे असतील तर मिनिटाला १८० इंच, म्हणजे सेकंदाला ३ इंचांपर्यंतच रेग्युलेटर तुला साथ देऊ शकतो. १२ टाके ठेवलेस तर सेकंदाला अडीच इंच. त्यापुढे हात गेला की मोटरजवळ द्यायला काही उरत नाही आणि टाके लांबतात. काही मशीनं अशा वेळी आवाज करून सावध करतात, काही करत नाहीत. म्हणून टाका जितका बारीक, हात तितका सावकाश. तुझ्या मशीनच्या पुस्तकात टाक्यांची कमाल संख्या दिलेली असेल, ती शोध, हा भागाकार एकदा कर आणि उत्तर मशीनवर चिकटवून ठेव.

इंचाला किती टाके ठेवायचे, हा प्रश्न सगळ्या नव्या मुली विचारतात आणि सगळ्यांना एकच आकडा हवा असतो. आकडा कापडावर ठरतो. नव्या सुती कापडाची, कापसाच्या वॅडिंगची, म्हणजे मधल्या थराची, गोधडी असेल तर १० किंवा ११ ठीक. एक टाका साधारण अडीच मिलिमीटरचा येतो. बारीक गोल, छोटी फुलं, लहान अक्षरं असतील तर १२ कर, नाहीतर वळणं कोनासारखी दिसतात. जाड थर आणि मोठी मोकळी नक्षी असेल तर ८ किंवा ९ पुरे.

आपल्याकडे मात्र बरंचसं काम जुन्या लुगड्यांचं येतं. कुणाची आई गेलेली असते, कुणाची आजी, आणि तिची पातळं घेऊन लोक येतात. तिथं हात आखडता घे. वर्षानुवर्षं धुतलेलं सूत आतून जीर्ण झालेलं असतं. त्यात इंचाला १२ टाक्यांची दाट वेल भरलीस तर सुईच्या छिद्रांनीच ते कापड फाटायला लागतं, आणि ते फाटलं तर दुसरं मिळत नाही. अशा कापडाच्या मागे आधी पातळ मलमल जोड, नक्षी मोकळी घे, टाके ७-८ ठेव. दोन ओळींमध्ये अंतर जास्त ठेव. काठ आणि पदर जिथं एकमेकांवर येतात तिथं जाडी वाढते. तिथं फूट अडखळतं, गाडीला हिसका बसतो आणि टाका सुटतो. तो भाग येण्याआधीच चाल कमी कर आणि फुटाची उंची थोडी वाढव. जरीकाठावर सुई वाकण्याची भीती असते, तेव्हा तिथं नक्षी बाजूनं ने.

वॅडिंगबद्दलही सांगते. आपल्या भागात कापूस पिकतो, पिंजून घेतलेला कापूस सहज मिळतो, म्हणून तोच मध्ये घालावा असं वाटतं. गादीला तो चालतो. फ्रेमवर मात्र सुटा कापूस सरकतो, गोळे होतात आणि जाडी एकसारखी न राहिल्यामुळे टाका वरखाली होतो. लाँगआर्मसाठी पत्र्यासारखं सलग आलेलं, सुईनं गुंफलेलं कापसाचं वॅडिंग घे. किंवा आपल्या आयांसारखी आत जुनीच पातळं घाल, पण सगळी सुती घे. सुती आणि सिंथेटिक एकत्र केलंस की एक थर आखडतो आणि दुसरा फुगतो. अस्तरासाठी लांब जायला नको. बऱ्हाणपूर जवळ आहे, तिथं यंत्रमागाचं कापड बनतं. अस्तर घेताना वरच्या कापडापेक्षा चारी बाजूंनी किमान ४ इंच जास्त घे, धुऊन आटवून घे, आणि कोपरे काटकोनात कापून घे. वाकडं अस्तर रोलरवर चढवलंस तर रेग्युलेटर कितीही चांगला असो, खालून चुण्या पडणारच.

फ्रेमवर कापड किती ताणायचं याचा एक साधा नियम आहे. खालून बोट वर दाबलंस की वरून अंगठ्यानं ते कापडासकट धरता आलं पाहिजे. ताठ ताणलंस तर सुई वाकते, टाका सुटतो, दोरा तुटतो. मग तुला वाटतं की रेग्युलेटर बिघडला.

आता दोन चालींविषयी. बहुतेक मशीनांत रेग्युलेटरचे दोन प्रकार असतात. हँडी क्विल्टर कंपनीच्या मशीनमध्ये त्यांना प्रिसिजन आणि क्रूझ म्हणतात, बर्निनाच्या बीएसआरमध्ये दोन आणि एक. पहिल्यात हात थांबला की सुई थांबते. दुसऱ्यात हात थांबला तरी सुई ठरावीक मंद वेगानं चालूच राहते. पट्टी लावून सरळ रेषा, चौकटी, काठाला समांतर ओळी करायच्या असतील तर पहिली चाल. तिथं तू थांबून पट्टी सरकवणार, सुईनं वाट बघितली पाहिजे. वेलबुट्टी, पानं, सलग वळणं भरायची असतील तर दुसरी चाल, कारण टोकावर क्षणभर हात मंदावला तरी सुई तिथं जाऊन पोचते आणि टोक बोथट होत नाही. पण दुसऱ्या चालीत टोकावर रेंगाळलीस की दोऱ्याची गाठ बसते. म्हणून कोणती चाल कुठे, हे कापड चढवण्याआधी ठरव. ऐन कामात बदलत बसलीस तर हात गोंधळतो.

सुरुवात आणि शेवट यांकडे नव्या बायकांचं लक्ष नसतं. एक टाका मारून खालचा दोरा वर ओढून घे, दोन्ही दोरे बोटाशी धर, आणि जवळजवळ चार-पाच बारीक टाके मारून मग पुढे निघ. निघताना झटका देऊ नकोस. पहिल्या हिसक्याला मोटर वेग घेईपर्यंत एक लांब टाका पडून जातो, आणि तोच डोळ्यात भरतो.

हँडल कसं धरायचं, तेही सांगते. जात्याचा खुंटा जेवढा हलका धरला तेवढं जातं सहज फिरतं, तसंच याचं आहे. मुठी आवळल्यास की खांदे चढतात आणि गोलाचे कोपरे होतात. पाय थोडे फाकवून उभी राहा, कोपर अंगाशी ठेव, आणि मशीन मनगटांऐवजी सगळ्या अंगानं हलव. फ्रेमची उंची कोपराच्या थोडी खाली असू दे. तासाभरानं बाजूला होऊन पाठ मोकळी कर. तुला म्हणून सांगते: या कामात पैसा येतो, पण कंबर गेली तर तोच पैसा दवाखान्यात जातो. घरच्यांनाही सांगून ठेव की इतके तास मी उभी आहे, मध्ये हाक मारू नका. शेतावरच्या कामाला जसे तास असतात तसेच यालाही असतात, हे तू ठामपणे सांगितल्याशिवाय घराला कळत नाही.

टेन्शनचं मात्र रेग्युलेटरच्या हाती काही नाही, हे मनात पक्कं कर. टाक्यांची लांबी सारखी आली तरी वरचा आणि खालचा दोरा मध्ये गुंतला नाही तर टाका कच्चाच. उलट बाजूला नख फिरव. खालचा दोरा ताठ रेषेसारखा पडलेला दिसला आणि वरच्या दोऱ्याचे फासे त्यावर आले तर वरचं टेन्शन सैल आहे किंवा बॉबिन केस जास्त कसली आहे. वरच्या बाजूला दोरा ताठ पडला तर याच्या उलट. वळणावर वेगानं गेलीस की उलट बाजूला वरचा दोरा आत ओढला जाऊन बारीक फासे येतात. सरळ ओळीत सगळं ठीक आणि वळणावर बिघाड, असं दिसलं तर आधी चाल कमी करून बघ, मग स्क्रूला हात लाव.

कापड चढवल्यावर, खऱ्या कामाला सुई लावण्याआधी, अस्तराच्या जास्तीच्या पट्टीवर एक चाचणी घे. खडूनं एक रेघ आडवी, एक उभी, एक तिरपी काढ. प्रत्येक रेघेवर आधी हळू, मग जरा वेगानं जा. टेप लावून दोन्ही ठिकाणी इंचाला किती टाके पडले ते मोज. सगळीकडे आकडा एकच आला तर काम सुरू कर. फक्त आडव्या रेघेवर टाके लांब आले तर आडवी हालचाल मोजणाऱ्या एन्कोडरकडे बघ, उभीवर आले तर दुसऱ्याकडे. बहुतेक वेळा चाकाला दोऱ्याचा भुगा गुंडाळलेला असतो, रुळावर कचरा असतो किंवा केबल सैल झालेली असते. चाक रुळावर नीट टेकलं नाही तर ते घसरतं, मशीनला वाटतं तू कमी अंतर गेलीस, आणि ते कमी टाके मारतं. मेकॅनिकला फोन करण्याआधी मऊ कापडानं रूळ पुस, चाकं साफ कर, केबल बसव. निम्मी भांडणं तिथंच मिटतात.

आपल्या गावाच्या हवेचं तुला कुणी बाहेरचं सांगणार नाही, म्हणून मी सांगते. मे महिन्यात रावेरची हवा तापून कोरडी होते. कोरड्या हवेत सुती दोरा कमजोर पडतो आणि वारंवार तुटतो. दोऱ्याचा कोन उन्हात, खिडकीत ठेवू नकोस, झाकून ठेव. दुपारचं काम पहाटे घेता आलं तर घे. पंख्याचा वारा थेट दोऱ्यावर येऊ देऊ नकोस, दोरा थरथरतो. धूळ आणि कापसाचा भुगा शटलमध्ये साचतो. प्रत्येक बॉबिन बदलताना ब्रश फिरव.

आणि वीज. रेग्युलेटर म्हणजे इलेक्ट्रॉनिक डोकं आहे, त्याला व्होल्टेजचे झटके सोसत नाहीत. मशीन आणण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घे, स्टॅबिलायझर लाव, जमलं तर यूपीएस लाव. सुई कापडात असताना वीज गेली तर मशीन ओढू नकोस. हातचाकानं सुई वर काढ, मगच गाडी हलव. वीज परत आली की टाक्यांचा आकडा आणि चाल बघितल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. काही मशीनं चालू होताना आपल्या मूळ आकड्यावर परत जातात. अर्धी गोधडी ८ टाक्यांची आणि अर्धी १० ची, हे गिऱ्हाइकाला दिसो न दिसो, तुला दिसत राहील.

आता पैशाचं, आणि हे आपल्या दोघींत राहू दे. लाँगआर्म मशीनं बनवणाऱ्या बऱ्याच नावाजलेल्या कंपन्या अमेरिकेतल्या आहेत. गॅमिल मिसूरीतली, एपीक्यूएस आयोवातली, हँडी क्विल्टर युटातली. मशीन आपल्याकडे येईपर्यंत किंमत लाखांच्या घरात जाते. शेतातल्या केळीचे पैसे हातात आले म्हणून घरचे एकदम हो म्हणतील, आणि पुढच्या वर्षी भाव पडला की तेच मशीनकडे बोट दाखवतील. म्हणून कर्ज काढण्याआधी हातात काम असू दे. आधी साध्या मशीनवर दाते खाली पाडून, हातानं कापड फिरवून शिव. गिऱ्हाईक तयार होऊ दे. दोन-चार जणी मिळून मशीन घेता आलं तर अजून चांगलं, पण कुणाचे तास कोणते, दुरुस्तीचा खर्च कुणाचा, हे आधी कागदावर लिहा. मैत्रिणी पैशापायी तुटतात तेव्हा फार दुखतं.

मशीन घेताना रेग्युलेटर चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नकोस. वर सांगितलेली तीन रेघांची चाचणी दुकानातच घे. सुटे एन्कोडर, केबल मिळतात का, दुरुस्तीला माणूस येतो का, की मशीनच मुंबई-पुण्याला पाठवायचं, हे विचार. हे विचारताना संकोच करू नकोस. पैसे तुझे आहेत.

रेग्युलेटर असला तरी रोज थोडा वेळ तो बंद करून शिव. त्याला साधी चाल म्हणतात. सुईचा वेग एकच राहतो आणि सगळी जबाबदारी हातावर येते. टाकाऊ कापडावर गोल, वेलांटी, आठचा आकडा भर. सुरुवातीला टाके लहानमोठे येतील. काही दिवसांनी कानाला मोटरचा आवाज आणि हाताला चाल यांचा मेळ बसायला लागतो. तो मेळ बसलेली बाई रेग्युलेटर लावते तेव्हा तिचं काम वेगळंच दिसतं, कारण हद्दीबाहेर तिचा हात जातच नाही. आणि कधी ऐन लग्नसराईत एन्कोडर बंद पडला, तरी तिचं काम अडत नाही. चाल स्वतःकडे ठेव असं मी म्हणते, ते यासाठी.

कुणी विचारलं की हातानं शिवली का मशीननं, तर सरळ सांग: लाँगआर्मवर, रेग्युलेटर लावून. हातशिलाईच्या नावाखाली कधी विकू नकोस. ज्या बाईनं ओट्यावर बसून उन्हाळाभर धावदोरा घातला तिच्या मेहनतीचा दाम वेगळा असतो आणि तो तिलाच मिळाला पाहिजे. तुझ्या कामाचा दाम तुझ्या नक्षीचा, तुझ्या निवडीचा आणि पक्क्या शिवणीचा आहे. तो पुरेसा आहे, भीड न धरता माग.

शेवटचं एक काम आजपासूनच सुरू कर. एक जाड वही घे. प्रत्येक गोधडीचं एक पान: वर कोणतं कापड, आत काय, अस्तर कुठलं, सुई कितीची, दोरा कोणता, इंचाला किती टाके, कोणती चाल, कुठे दोरा तुटला, का तुटला. शेजारी त्याच कापडाची, त्याच आकड्यानं शिवलेली हातभर पट्टी टाचून ठेव. वर्षभरात तुझ्याजवळ असं ज्ञान जमेल जे कुठल्याच पुस्तकात नाही, कारण ते आपल्या लुगड्यांचं, आपल्या उन्हाळ्याचं, आपल्या विजेचं असेल. उद्या एखादी मुलगी तुझ्याकडे शिकायला आली की तिला पहिल्या दिवशी ती वही वाचायला दे, आणि दुसऱ्या दिवशी रेग्युलेटर बंद करून मशीनसमोर उभी कर.